न्यूट्रलमधील वाहनगती आणि घाटातील वळण : एक यांत्रिकीय विवेचन

घाटाच्या उतारावर गाडी न्यूट्रलवर सोडून देण्याची सवय महाराष्ट्रातील वाहनचालकांत जुनी आहे. तिच्यामागे इंधनबचतीचा हेतू असतो. तिच्याविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. न्यूट्रलमध्ये गाडी वळणावर हमखास घसरते, हे एक. स्टिअरिंग व ब्रेक हाती असताना गिअरचा वळणाशी संबंधच काय, हे दुसरे. यांत्रिकीच्या कसोटीवर दोन्ही मते अपुरी ठरतात.

वळणावर गाडीला आत खेचणारे अभिकेंद्री बल टायर व रस्ता यांमधील घर्षणातून मिळते. वेग वाढविण्यास वा कमी करण्यासही हेच घर्षण खर्ची पडते. टायरची एकूण पकड मर्यादित असून ती या दोन कामांत वाटली जाते. न्यूट्रलमध्ये इंजिनाचे बल चाकांपर्यंत पोहोचत नसल्याने आडव्या दिशेस पकड तत्त्वतः किंचित अधिकच उरते. सपाट रस्त्यावर बेताच्या वेगाने असे वळण घेता येते ते यामुळेच. पहिले मत येथे लंगडे पडते.

उताराचे गणित मात्र निराळे आहे. वीसास एक अशा उतारावर गुरुत्वाकर्षणाने मिळणारे त्वरण सुमारे ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग असते. टायर व हवा यांचा रोध वजा जाता ०.३ उरले असे धरू. ताशी ३६ किलोमीटर वेगाने निघालेली गाडी १०० मीटर अंतरात ताशी सुमारे ४५ किलोमीटरवर पोहोचते. वेग सव्वापटच वाढला. परंतु अभिकेंद्री बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने २० मीटर त्रिज्येच्या वळणासाठी लागणारे आडवे त्वरण ५ वरून ८ मीटर प्रति सेकंद वर्ग होते. कोरड्या डांबरी रस्त्यावर साधारण टायरची मर्यादा याच्याच आसपास असते. पावसाळी रस्त्यावर एवढी पकड मिळणारच नाही. शिवाय इंजिनाचा आवाज वेगाबरोबर चढत नसल्याने ही वाढ चालकाच्या कानावर पडत नाही.

मग भर वळणात ब्रेक दाबला जातो. आडव्या कामात गुंतलेल्या टायरकडे त्यासाठी पकड शिल्लक नसते. भार पुढच्या चाकांवर सरकतो, मागची चाके हलकी होतात आणि गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जाऊ शकतो. गिअरमध्ये असलेल्या गाडीत ॲक्सिलरेटर किंचित दाबून भार मागे आणता येतो. न्यूट्रलमध्ये हे साधनच हातून गेलेले असते. घाईने गिअर टाकून क्लच सोडावा, तर मंद फिरणारे इंजिन चालकचक्रांना एकाएकी रोखते. ॲम्बेसिडरसारख्या मागील चाकांनी चालणाऱ्या गाडीत हा झटका नेमका हलक्या झालेल्या चाकांवर बसतो. म्हणून खालचा गिअर वळणाआधी, गाडी सरळ असतानाच टाकावयाचा असतो. तो वेग धरून ठेवतो आणि लांब उतारावर ब्रेक तापून निकामी होण्याची शक्यताही कमी करतो.

राहिला इंधनबचतीचा मुद्दा. कार्बुरेटरच्या काळात त्यात काही तथ्य होते. इलेक्ट्रॉनिक इंधन-अंतःक्षेपण असलेल्या गाडीत मात्र, गिअर टाकलेला असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की पुरेशा वेगात इंधनपुरवठा सहसा पूर्ण थांबतो आणि इंजिन चाकांच्या बळावर फिरत राहते. न्यूट्रलमध्ये तेच इंजिन चालू ठेवण्यासाठी इंधन जाळावे लागते.