मे बोय : स्पॅनिश माणूस निघतो तेव्हा

स्पॅनिशमध्ये ‘इर’ म्हणजे जाणे आणि ‘इर्से’ म्हणजे निघणे, निघून जाणे. मूळ रूपात शेवटी चिकटलेले ‘से’ हे आत्मवाचक सर्वनाम वर्तमानकाळात सुटून क्रियापदाच्या पुढ्यात येते आणि कर्त्याप्रमाणे बदलते. मी निघतो : मे बोय. तू निघतोस : ते बास. तो किंवा ती निघते, किंवा आदराने ‘उस्तेद’ म्हणून संबोधलेली व्यक्ती निघते : से बा. आम्ही निघतो : नोस बामोस. तुम्ही निघता : ओस बाइस. ते निघतात : से बान. कर्ता पुरुष की स्त्री याने रूपात काहीच फरक पडत नाही; ‘मे बोय’ निघणाऱ्याचेही आणि निघणारीचेही. रोमन लिपीत या रूपांच्या आरंभी ‘व्ही’ लिहितात, पण उच्चार ‘ब’चा होतो. ‘मे बोय’मध्ये तो ‘ब’ सैल असतो, ओठ पुरते न मिटता येतो.

‘ओस बाइस’ मुख्यतः स्पेनमध्येच ऐकू येते. लॅटिन अमेरिकेत अनेकांना उद्देशून बोलतानाही ‘से बान’ वापरतात. अर्जेंटिनात ‘तू’ऐवजी ‘बोस’ म्हणतात. तिथे इतर बहुतेक क्रियापदांचे रूप बदलते, पण या क्रियापदाचे ‘ते बास’ जसेच्या तसे राहते.

मूळ रूपात ‘इ’ आणि वर्तमानकाळात सगळीकडे ‘ब’, हे कसे? इथे दोन लॅटिन क्रियापदे एकत्र नांदतात. ‘ईरे’ या जुन्या क्रियापदाची वर्तमानकाळी रूपे फार तोकडी होती, काही तर एका स्वरापुरती. त्यांची जागा हळूहळू ‘वादेरे’ या भरदार क्रियापदाने घेतली. मध्ययुगीन स्पॅनिशमध्ये ‘बामोस’च्या जोडीने ‘इमोस’ आढळते, ‘बोय’च्या जागी नुसते ‘बो’ आढळते; पुढे ती रूपे मागे पडली. ‘ईरे’चा वंश मूळ रूपात, भविष्यकाळात आणि ‘इबा’ या अपूर्ण भूतकाळात टिकला. साधा भूतकाळ तर ‘असणे’ या क्रियापदाशी सामाईक आहे : ‘फुई’ म्हणजे मी गेलो आणि मी होतोही. मराठी वाचकाला यात परके वाटावे असे काही नाही. ‘जातो’ संस्कृत ‘या’ धातूचा आणि ‘गेलो’ ‘गम्’चा. रोज वापरल्या जाणाऱ्या क्रियापदांचाच संसार असा दोन-तीन घरांचा असतो.

इतर अनियमित आत्मवाचक क्रियापदे याहून शिस्तीची आहेत. ‘आकोस्तार्से’ (आडवे होणे) याचे ‘मे आक्वेस्तो’ होते, पण ‘आम्ही’साठी मूळ स्वर परत येऊन ‘नोस आकोस्तामोस’. ‘बेस्तिर्से’ (कपडे घालणे) याचे ‘मे बिस्तो’, ‘पोनेर्से’ (अंगावर चढवणे) याचे ‘मे पोंगो’. त्यांचे साचे आहेत, ते पाठ होतात.

सर्वनामाची जागाही ठरलेली. नकार त्याच्याही आधी : ‘नो मे बोय’, मी निघत नाही. दोन क्रियापदे जोडून आली तर मुभा असते : ‘मला निघायचे आहे’ हे ‘क्येरो इर्मे’ असेही होते आणि ‘मे क्येरो इर’ असेही. मात्र सर्वनाम दोन क्रियापदांच्या मधे सुटे, अधांतरी ठेवता येत नाही.

खरी गंमत अर्थात आहे. ‘मे बोय’चा शब्दशः अर्थ ‘मी स्वतःला जातो’ असा लावू गेल्यास हाती काहीच लागत नाही. म्हणूनच व्याकरणकार अशा क्रियापदांना नुसती ‘सर्वनामयुक्त’ म्हणतात, आणि ते नाव अधिक प्रामाणिक आहे. ‘बोय आ माद्रीद’ म्हणजे मी माद्रीदला जातो, लक्ष मुक्कामावर. ‘मे बोय आ माद्रीद’ म्हणजे इथून उठून मी माद्रीदला निघालो. लक्ष सुटणाऱ्या जागेवर. म्हणूनच ‘मे बोय’ एवढेच वाक्य पुरे होते, तर नुसत्या ‘बोय’ला कुठे जायचे ते शब्दांत किंवा प्रसंगात असावे लागते. मराठीत हेच काम जोडक्रियापद करते. जाणे आणि निघून जाणे, खाणे आणि खाऊन टाकणे, झोपणे आणि झोपी जाणे हे भेद स्पॅनिश माणूस ‘इर-इर्से’, ‘कोमेर-कोमेर्से’, ‘दोर्मिर-दोर्मिर्से’ या जोड्यांनी दाखवतो. मराठी विद्यार्थ्याने इथे इंग्रजीचा आधार घेऊच नये. ‘निघून’, ‘टाकणे’ हे शब्द त्याला अधिक लवकर वाट दाखवतात.

या एका ‘मे’मुळे अर्थ किती फिरतो, याचे सर्वांत सुंदर उदाहरण दारापाशी मिळते. आतून कोणी हाक मारली तर स्पॅनिश माणूस म्हणतो ‘या बोय’, म्हणजे ‘आलोच!’ मराठी माणूस ज्याच्याकडे जायचे त्याच्या बाजूने बोलतो, म्हणून ‘येतो’. स्पॅनिश माणूस स्वतःच्या जागेवरून बोलतो, म्हणून ‘जातो’. पण तोच ‘या मे बोय’ म्हणाला, तर तो चालला. मराठी घरात निरोप घेताना ‘जातो’ म्हणायचे नाही, ‘येतो’ म्हणायचे, अशी रीत आहे. त्या कानांना ‘मे बोय’ रुक्ष वाटते. स्पॅनिशमध्ये त्यात काही अशुभ नाही. ज्यांना एकदम उठणे बरे वाटत नाही त्यांच्यासाठी अर्जेंटिना, चिलीकडे ‘मे बोय येंदो’ आहे : निघतो हळूहळू. एकाच वाक्यात एकच क्रियापद दोनदा, आणि पाहुणा अजून खुर्चीतच. ‘मे बोय आ इर’ (मी निघणार आहे) यातही ‘इर’ दोनदा येते, एकदा भविष्य सांगायला आणि एकदा खरोखर निघायला. सोबतीने निघायचे असेल तर ‘नोस बामोस?’, म्हणजे ‘निघायचं का?’

निघून जाणारे नेहमी माणूसच असते असेही नाही. ‘से बा ला लूस’ म्हणजे वीज जाते, आणि आपल्याकडे लाइट जाते तशीच जाते. ‘ला मांचा नो से बा’ म्हणजे डाग जात नाही. ज्याला त्या जाण्याची झळ लागते त्याचे सर्वनामही मधे येते : ‘से मे बा एल त्रेन’, माझी गाडी सुटते आहे. मृत्युशय्येवरच्या माणसाबद्दल ‘से नोस बा’ म्हणतात, आपल्याला सोडून चालला. क्रम मात्र पक्का : ‘से’ आधी, झळ लागलेला नंतर, क्रियापद शेवटी.

शेवटी ‘से बा’चा आणखी एक वापर, जो निघण्याशी संबंधित नाहीच. ‘पोर आकी से बा आ तोलेदो’ म्हणजे ‘इकडून तोलेदोला जाता येते’. इथे ‘से’ कोणा एकाचे नाही. जो कोणी जाईल त्याचे आहे. ‘कोमो से बा आ ला प्लासा?’ असे कोणी विचारले तर ‘चौकात कसे जायचे?’ असा अर्थ घ्यावा. वाक्यात कोणी एक कर्ता दिसत किंवा गृहीत असेल, तर ‘से बा’ म्हणजे तो निघतो; कर्ता नसून नुसता रस्ता विचारला किंवा सांगितला जात असेल, तर ‘से बा’ म्हणजे जायचे असते.