चित्रदालनातील स्वरसभा

भांडुपहून धीम्या लोकलने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस गाठावे आणि दक्षिणेकडे चालत निघावे, म्हणजे अर्ध्या तासाच्या आत राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची इमारत लागते. वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांच्या आराखड्यानुसार १९११ मध्ये उभारलेले हे सर कावसजी जहांगीर सार्वजनिक सभागृह होय. येथे संगीताच्या मैफली झाल्या, तशाच कामगार संघटनांच्या सभा, मुष्टियुद्धाचे सामने आणि विवाहसमारंभही झाले. कालांतराने नवी सभागृहे उभी राहिली व या वास्तूची रया गेली. अंतर्भागाची फेररचना होऊन १९९६ मध्ये तेथे संग्रहालय सुरू झाले. चित्रांच्या सान्निध्यात गायन-वादन ही कल्पना या वास्तूला म्हणूनच परकी नाही.

आपल्याकडे स्वर आणि रंग यांचे नाते जुने आहे. रागमाला चित्रांत तोडी रागिणी वीणा हाती घेतलेल्या स्त्रीच्या रूपाने येते व तिच्याभोवती हरणे जमलेली दिसतात. हिंदोलाच्या चित्रात झोपाळा असतो. विजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशाह (राज्यकाल १५८० ते १६२७) स्वतः ‘किताब-ए-नवरस’ रचणारा रसिक होता. त्याच्या तंबोऱ्याला ‘मोतीखान’ असे नावही होते! मात्र चित्रातील तोडी आणि आज गायिली जाणारी तोडी यांचे स्वर एकच असतील, असे गृहीत धरता येत नाही. रागांची रूपे शतकानुशतके बदलत आली आहेत.

आधुनिक काळात हे नाते अधिक अमूर्त झाले. मुंबईच्या भुलाभाई देसाई स्मारक संस्थेच्या वास्तूत एके काळी वासुदेव गायतोंडे, हुसेन यांच्यासारखे चित्रकार काम करीत आणि तेथेच पं. रविशंकर यांची ‘किन्नर’ ही संगीतशाळा चाले. परदेशातील एक उदाहरण विशेष उद्बोधक आहे. ह्यूस्टन येथील रॉथको चॅपेल १९७१ मध्ये खुले झाले. त्यातील १४ गडद चित्रांसाठी मॉर्टन फेल्डमन यांनी केलेली रचना १९७२ मध्ये तेथेच सादर झाली. तीत चित्रांचे वर्णन नाही. चित्रांपुढे जसे थांबावे लागते, तसेच ती श्रोत्याला थांबवते.

प्रत्यक्ष आयोजनात मात्र अडचणी पुष्कळ आहेत. कठीण भिंती व उंच छत यांमुळे दालनात नाद रेंगाळतो. संथ आलापाला ते मानवते, पण द्रुत ताना आणि तबल्याचे बोल एकमेकांत मिसळून जातात. ध्वनिवर्धक मोठा केल्याने हा दोष जात नाही, उलट वाढतो. कागदावरील चित्रांना साधारणतः ५० लक्सपेक्षा अधिक प्रकाश सोसत नाही. मंचावरील प्रखर दिवे म्हणूनच त्याज्य ठरतात. श्रोत्यांच्या श्वासाने दमटपणाही वाढतो. मुंबईच्या पावसाळ्यात तर अधिकच. वीस-पंचवीस श्रोते, एक तंबोरा आणि एक गायक एवढ्यावर भागवणे हेच शहाणपणाचे. गर्दी जमवून चित्रांना मंचाचा पडदा करावयाचा असेल, तर सरळ नाट्यगृह भाड्याने घ्यावे हे बरे.

वेळेचा प्रश्नही आहे. मालकंस रात्रीचा, तर संग्रहालये सायंकाळी बंद होतात. तोडीचा समय सकाळचा दुसरा प्रहर. दालनाचे दरवाजे उघडण्याची वेळ तिला अनायासे जुळते.

भांडुपमधील शिक्षकाला विद्यार्थ्यांसह एवढा प्रवास दरवेळी परवडणार नाही. मोठ्या आकारातील दोन-तीन रागमाला प्रतिकृती, शाळेतील हार्मोनियम आणि गाऊ शकणारा एखादा पालक यांवर वर्गातच प्रारंभ करता येईल. आधी चित्र दाखवून त्यात काय दिसते ते मुलांना सांगू द्यावे, मग राग ऐकवावा. रागाचे नाव शेवटी सांगावे. प्रतिकृतीला ना प्रकाशाचे भय, ना दमटपणाचे. म्हणून मुलांना ती हातात घेऊनही पाहता येते.