जिल्हा निवडा

प्रवेशाच्या दिवसांत सांगोल्यात माझ्या भावजयीकडे सकाळी आठपासून रांग लागते. दाखले, शिष्यवृत्त्या, प्रवेशअर्ज असले सगळे फॉर्म ती भरून देते. तिचा हात माऊसकडे जवळपास जातच नाही. टॅब दाबायचं, ‘एस’ आणि ‘ओ’ ही दोन अक्षरं दाबायची, की जिल्ह्यांच्या यादीत सोलापूर हजर. पुन्हा टॅब. आता तालुक्यांच्या यादीत सोलापूरचे ११च तालुके उरलेले असतात. ‘एस’, ‘ए’, सांगोला. समोरच्या पोराने आईचं नाव सांगेपर्यंत ती पुढच्या रकान्यावर पोचलेली असते.

गेल्या वर्षी मी तिच्या शेजारी बसले होते आणि एका फॉर्मवर हे सगळं अडलं. रंगीत, गोल कडांची, सावली दिलेली सुंदर यादी होती, पण अक्षरं दाबली तरी ती जागची हलेना. माऊस धरून ३६ जिल्हे खाली सरकवावे लागले. प्रत्येक मुलासाठी, दिवसभर. “ताई, असलं कोण बनवतं हो?” तिने विचारलं. अशा याद्या बनवणं हाच माझा पुण्यातला रोजचा व्यवसाय आहे.

क्लिक केल्यावर खाली उघडणारी ही यादी, आम्ही तिला ड्रॉपडाऊन म्हणतो, वेबवर फार जुनी आहे. वेबपानं ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलची दुसरी आवृत्ती नोव्हेंबर १९९५मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात ‘सिलेक्ट’ नावाने ती आहे. बनवणाऱ्याने फक्त पर्याय लिहून द्यायचे. यादी दाखवण्याचं काम ब्राउझर आणि संगणकाची प्रणाली मिळून करतात. म्हणून तीच यादी फोनवर फोनच्या धाटणीची दिसते आणि संगणकावर संगणकाच्या. बाणाच्या कळांनी वरखाली होणं, एस्केपने मिटणं, अक्षर दाबताच त्या नावावर उडी मारणं, हे सगळं तिच्यात आयतं मिळतं.

तिचं रूप मात्र आमच्या हातात नव्हतं. बँकेच्या नावापुढे बोधचिन्ह हवं, पर्यायाखाली बारीक अक्षरात माहिती हवी, अशी मागणी ग्राहक करायचे आणि सिलेक्टमध्ये ते जमत नसे. मग आम्ही सिलेक्ट बाजूला ठेवून रिकाम्या चौकटींतून यादीची नक्कल उभी करू लागलो. २०११च्या सुमारास ‘चोझन’ आणि मग ‘सिलेक्ट टू’ अशी तयार साधनंही आली. शोधता येणाऱ्या, सजवलेल्या याद्या सगळीकडे पसरल्या.

मीही एक केली होती, सगळी हाताने. पडद्यावर ती फार देखणी दिसायची. काही दिवसांनी कॉलेजमधल्या एका मित्राचा फोन आला. तो अंध आहे, एनव्हीडीए वापरतो. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं हे मोफत सॉफ्टवेअर ऑस्ट्रेलियात २००६मध्ये सुरू झालं. तो म्हणाला, “अगं, तुझ्या फॉर्मात जिल्हा कुठे विचारलेलाच नाही, आणि शेवटी म्हणतोय, जिल्हा निवडणं आवश्यक आहे.”

माझ्या चौकटीला टॅबने पोचताच येत नव्हतं. त्याच्यासाठी तो रकाना अस्तित्वातच नव्हता. खऱ्या सिलेक्टवर आला असता, तर ही यादी आहे, मिटलेली आहे, आत्ता अमुक नाव निवडलेलं आहे, हे त्याला ऐकू आलं असतं. नकलेत ही प्रत्येक गोष्ट वेगळी लिहावी लागते. त्यासाठी ‘एरिया’ नावाचे नियम आहेत, २०१४मध्ये डब्ल्यूथ्रीसी या वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने त्यांना मानक म्हणून मान्यता दिली. मी ते शिकले, आणि त्या एका यादीच्या दुरुस्तीला मूळ कामापेक्षा जास्त दिवस लागले.

नकलेचा मोह चुकीच्याच कारणाने होतो असं मात्र मी म्हणणार नाही. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव, अहमदनगरचं अहिल्यानगर. जुनं नाव टाइप करणाऱ्या आजोबांना साध्या यादीत काहीच सापडत नाही. दोन्ही नावं ओळखणारी, शोधता येणारी यादी त्यांना खरोखर हवी आहे. मराठी याद्यांचा आणखी एक घोळ आहे. संगणक अक्षरं युनिकोडच्या क्रमाने लावतो. तिथे ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढे येतो आणि ‘ज्ञ’ म्हणजे ‘ज’लाच जोडलेलं अक्षर. त्यामुळे ‘ज्ञानेश्वर विद्यालय’ ‘झ’च्या आधी येऊन बसतं, आणि बाराखडीच्या तक्त्यावर शिकलेले पालक ते यादीच्या तळाशी शोधत राहतात. मराठी क्रम मुद्दाम सांगावा लागतो. बहुतेक जण सांगत नाहीत.

रूपाची अडचण आता बरीच सुटली आहे. ओपन यूआय नावाच्या गटात काही वर्षं खल झाला आणि एप्रिल २०२५मध्ये क्रोमच्या १३५व्या आवृत्तीत हवी तशी सजवता येणारी, पण अस्सल सिलेक्ट आली. सजावटीच्या नियमांत ‘अपिअरन्स’पुढे ‘बेस-सिलेक्ट’ लिहायचं, मूळ चौकटीसाठी आणि उघडणाऱ्या यादीसाठीही. मग रंग द्या, चित्रं घाला, पर्यायाखाली माहिती लिहा. कळा चालतात, वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला यादी कळते. ज्या ब्राउझरला हे येत नाही तिथे जुनी साधी यादी दिसते. काही मोडत नाही. माझ्या मते गेल्या कित्येक वर्षांत आमच्या कामात इतकी उपयोगी गोष्ट आलेली नाही.

तरीही यादी लागतेच का, हे आधी विचारावं. ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळांची नियमावली सिलेक्ट अगदी शेवटचा उपाय म्हणून वापरायला सांगते, कारण काहींना ती फार अवघड जाते. जन्मतारखेसाठी ते तीन साधे रकाने देतात. आपल्याकडे सत्तरीच्या बाईला तिचं जन्मवर्ष गाठायला सगळी यादी उपसावी लागते.

३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा सर्वांना वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. तेव्हा माझ्या क्षेत्रातल्या सगळ्यांना एक विनंती: फॉर्म ग्राहकाच्या हाती देण्याआधी माऊस काढून ठेवा आणि नुसत्या कळांवर तो एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत भरून बघा.