विश्लेषण : पोलिसांशी हुज्जत घातली तर गुन्हा होतो का? घोषणा आणि धक्काबुक्की यांत कायदा काय फरक करतो?

मोर्चा निघतो, बॅरिकेडपाशी अडवला जातो, घोषणांचा जोर वाढतो, पोलिसांशी शाब्दिक चकमक होते. दुसऱ्या दिवशी बातमी येते, ‘सरकारी कामात अडथळा आणल्याप्रकरणी आंदोलकांवर गुन्हा’. पण पोलिसांवर ओरडणे, त्यांच्यावर टीका करणे किंवा त्यांचा व्हिडीओ काढणे हा खरोखर गुन्हा आहे का? कायदा आणि न्यायालयांचे निकाल काय सांगतात, याविषयी...

राज्यघटना काय सांगते?

अनुच्छेद १९(१)(अ) नुसार अभिव्यक्तीचे, तर १९(१)(ब) नुसार शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र येण्याचे स्वातंत्र्य आहे. निदर्शने हाही अभिव्यक्तीचा एक प्रकार असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये कामेश्वर प्रसाद खटल्यात मान्य केले. मात्र ही स्वातंत्र्ये अमर्याद नाहीत. सार्वजनिक सुव्यवस्था, देशाची सुरक्षा, गुन्ह्यास चिथावणी अशा कारणांसाठी ‘वाजवी निर्बंध’ घालता येतात.

केवळ शब्द म्हणजे हल्ला?

सर्वाधिक चर्चेतले कलम म्हणजे भारतीय न्याय संहितेचे कलम १३२. जुन्या भारतीय दंड विधानातील हे कलम ३५३. लोकसेवकाला कर्तव्यापासून रोखण्यासाठी हल्ला किंवा बळाचा वापर केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गुन्हा अजामीनपात्र आहे. पण ‘हल्ला’ या शब्दाची व्याख्या करतानाच संहितेने स्पष्ट केले आहे, की केवळ शब्द म्हणजे हल्ला नव्हे. शब्दांसोबत मारण्याचा आविर्भाव असेल, तर मात्र हल्ला ठरू शकतो. पोलिसाला ढकलणे, त्याची कॉलर धरणे किंवा दगड मारणे हा थेट बळाचा वापर आहे.

बंगळूरुतील एका दाम्पत्याने वाहतूक पोलिसांच्या फेसबुक पानावर पोलिसांच्या वागणुकीविषयी तक्रारवजा मजकूर लिहिला होता. त्यांच्यावर कलम ३५३ आणि धमकावल्याचे कलम लावण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये हा गुन्हा रद्द केला. यात ना हल्ला होता, ना बळाचा वापर.

तरीही शिवीगाळ सुरक्षित आहे, असे नाही. शांतताभंग व्हावा म्हणून मुद्दाम केलेला अपमान (कलम ३५२) आणि धमकी (कलम ३५१) हे स्वतंत्र गुन्हे आहेत.

घोषणा कधी अंगलट येते?

घोषणेतील शब्दांइतकाच तिचा परिणाम महत्त्वाचा. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी, इंदिरा गांधी यांच्या हत्येच्या दिवशी, चंदीगडमध्ये दोन सरकारी कर्मचाऱ्यांनी खलिस्तान समर्थनाच्या घोषणा दिल्या. जमाव भडकला नाही, गोंधळही झाला नाही. त्यामुळे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये बलवंत सिंग खटल्यात त्यांची मुक्तता केली. याउलट, समोरच्या जमावाला ‘मारा’, ‘जाळा’ असे सांगणे ही चिथावणी ठरते. तिथे अभिव्यक्ती स्वातंत्र्याचे संरक्षण मिळत नाही.

जमावबंदी लागू असेल तर?

महाराष्ट्रात महाराष्ट्र पोलीस कायद्याचे कलम ३७ आणि नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६३ (जुने कलम १४४) वापरले जाते. आदेश मोडल्यास कलम २२३ खाली कारवाई होते. पण असा आदेशही न्यायालयात तपासला जातो. मतभेद दडपण्यासाठी जमावबंदी वापरता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये अनुराधा भसीन खटल्यात बजावले. बीड जिल्ह्यातील माजलगाव येथे नागरिकत्व सुधारणा कायद्याविरोधातील आंदोलन रोखणारा आदेश मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने फेब्रुवारी २०२० मध्ये रद्द केला. कायद्याला विरोध करणाऱ्यांना देशद्रोही म्हणता येणार नाही, असेही खंडपीठाने नमूद केले. दुसरी बाजू म्हणजे, सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवून धरता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने शाहीन बाग प्रकरणात ऑक्टोबर २०२० मध्ये स्पष्ट केले.

पोलिसांचा व्हिडीओ काढता येतो?

पोलीस ठाण्यात चित्रीकरण केल्याबद्दल वर्ध्यात एकावर शासकीय गुपिते कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला होता. पोलीस ठाणे हे या कायद्यातील ‘निषिद्ध स्थळ’ नाही, असे सांगत नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये तो रद्द केला. मात्र चित्रीकरणाच्या नावाखाली पोलिसांची वाट अडवल्यास लोकसेवकाला अडथळा केल्याचे कलम २२१ लागू शकते.

गुन्हा नोंदवला गेल्यास काय?

कलम २२१ आणि २२३ बाबत एक महत्त्वाची अट आहे. संबंधित लोकसेवकाची किंवा त्याच्या वरिष्ठाची लेखी तक्रार असल्याशिवाय न्यायालय या गुन्ह्यांची दखल घेऊ शकत नाही. मात्र कलम १३२ ला ही अट लागू नाही. त्यामुळे एफआयआरची प्रत मिळवून नेमकी कोणती कलमे लावली आहेत, हे आधी पाहावे. नोकरी किंवा पासपोर्टसाठी होणाऱ्या पोलीस पडताळणीत प्रलंबित गुन्हा अडचणीचा ठरू शकतो. निर्दोष सुटेपर्यंत अनेक वर्षे जातात. बंगळूरुच्या दाम्पत्याला फेसबुकवरील मजकुरासाठी थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले होते.