शाळेच्या दिवशीच दुखणारे पोट

सोमवारी सकाळी दप्तर भरायची वेळ झाली की मुलाचे पोट दुखू लागते, आणि शाळेची घंटा होऊन गेली की थांबते. रविवारी मात्र तेच मूल दिवसभर हुंदडते. ही तक्रार पुष्कळ घरांत असते. आई ओवा-मीठ देते, वडील ‘नाटक करतोस’ म्हणून रागावतात, कधी दोन फटकेही बसतात. एवढ्याने दुखणे जात नाही, कारण पुष्कळदा त्याचे मूळ पोटात नसून मनात असते. ते कसे ओळखावे व काय करावे, ते पाहू.

दुखणे खोटे नसते

माणूस घाबरला की शरीर पळण्याची किंवा झुंजण्याची तयारी करते. ॲड्रेनॅलिन नावाचा स्राव रक्तात मिसळतो, छाती धडधडते, तळहातांना घाम सुटतो, पोटाकडचे रक्त हातापायांकडे वळते आणि आतड्यांची हालचाल बिघडते. त्यामुळे कळ येते, मळमळते, कधी शौचास लागते. कोर्टात साक्षीला उभे राहताना मोठ्या माणसालाही हा अनुभव येतो. मात्र मोठा माणूस ‘मला भीती वाटते’ असे सांगू शकतो. सात-आठ वर्षांच्या मुलाला ते शब्द सापडत नाहीत. ते ‘पोट दुखते’ एवढेच म्हणते.

प्रथम डॉक्टरांना दाखवावे

जंत, बद्धकोष्ठ, लघवीची जळजळ यांनीही पोट दुखते. म्हणून आधी आरोग्य केंद्रात तपासून घ्यावे. ताप, वजन घटणे, वारंवार उलट्या, शौचातून रक्त, रात्री झोपेतून उठवणारी कळ यांपैकी काही असेल तर मुळीच उशीर करू नये.

तपासणीत काही निघाले नाही, तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोन आठवडे खूण करावी. कोणत्या दिवशी, किती वाजता दुखले आणि त्या दिवशी शाळेत काय होते, ते लिहावे. खुणा शाळेच्या दिवशीच पडत असतील, तर कारण शाळेत, शाळेच्या वाटेवर किंवा घरात शोधावे.

कारण कसे शोधावे

‘शाळेला का जात नाहीस?’ असे दरडावून विचारल्यास मूल गप्प बसते. गुरांना चारा घालताना, शेंगा फोडताना, हात कामात असताना सहज विचारावे, ‘शाळेत कोणती वेळ तुला जड जाते?’ मग पुढची गोष्ट हळूहळू बाहेर येते.

आपल्या सीमाभागात एक कारण नेहमी आढळते. घरात मराठी किंवा कोकणी आणि शाळेत कन्नड किंवा इंग्रजी. मुलाला उत्तर ठाऊक असते, पण त्या भाषेत तोंडातून निघत नाही, आणि वर्ग हसतो. लावणीला किंवा सुगीला आठ-दहा दिवस घरी ठेवलेल्या मुलाचे धडे मागे राहतात. कुणाला मोठी मुले चिडवतात. कुणाला फळ्यावरचे दिसत नाही, पण ते सांगायची लाज वाटते. शौचालय घाण असेल तर मुली दिवसभर पाणी पीत नाहीत. घरात दारू, कर्ज, भांडण असेल तर लहान मूल त्याचा दोष स्वतःकडे घेते, आणि आईला एकटी सोडून जायला भिते.

घरी किती ठेवावे?

दया येऊन मुलाला घरी ठेवले तर त्या दिवसापुरते बरे वाटते, पण भीती वाढते, आणि चार दिवसांनी परत जाणे अधिकच अवघड होते. रोप लावल्यावर काही दिवस पिवळे पडते. म्हणून आपण ते उपटून परत तरव्याच्या वाफ्यात नेत नाही, पाणी सांभाळतो. तसेच येथेही करावे. गरज वाटल्यास शिक्षकांशी बोलून आरंभी अर्धा दिवस पाठवावे, एखाद्या मित्राबरोबर पाठवावे. मात्र मारहाण किंवा अंगचटीला येण्यासारखा प्रकार कळला, तर आधी मुलाची सुरक्षितता पाहावी.

शाळेशी बोलावे

आई किंवा वडिलांनी स्वतः जाऊन वर्गशिक्षकांना भेटावे, आणि शांतपणे काय दिसले ते सांगावे. शिक्षकांच्या हाती पुष्कळ असते: मुलाला पुढच्या बाकावर बसवणे, सर्वांसमोर वाचायला न लावणे, चूक बाजूला घेऊन सांगणे, मधल्या सुट्टीत सोबती मिळवून देणे.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या 17 व्या कलमाने मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास व त्यांच्या मानसिक छळास बंदी केली आहे. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या शाळांना हा कायदा लागू नाही असा निकाल दिला. पण छडीने भीती वाढते, ही गोष्ट सर्व शाळांना सारखीच लागू आहे. ‘हवे तर मारा, पण शिकवा’ असे शिक्षकांना सांगणाऱ्या पालकांनी हे ध्यानात घ्यावे.

मोठ्या मुलांकडे विशेष लक्ष

नववी-दहावीच्या मुलांचे पोट कदाचित दुखणार नाही. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप लागत नाही, जेवण जात नाही, मित्र तुटले, खेळ सुटला, किंवा ‘मी नसलेलो बरा’ असे शब्द तोंडून आले, तर ‘वय आहे’ म्हणून सोडून देऊ नये. ‘जिवाचे बरेवाईट करावेसे वाटते का?’ असे प्रेमाने, सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही. उलट मुलाचे ओझे हलके होते. शेतकऱ्याच्या घरात आणखी एक काळजी घ्यावी. कीटकनाशकाचे व तणनाशकाचे डबे नेहमी कुलपात ठेवावेत आणि किल्ली मोठ्या माणसाकडे असावी. परीक्षेच्या निकालाच्या दिवसांत मुलाला एकटे सोडू नये.

ऑक्टोबर 2022 पासून ‘टेलि-मानस’ ही सरकारी सेवा सुरू आहे. 14416 या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य, मराठी व कन्नडमध्येही बोलता येते. मुलांवरील संकटासाठी 1098 हा क्रमांक आहे. बेळगाव भागातील लोकांना धारवाडची सरकारी मानसोपचार संस्था जवळ पडते. तेथे जाणे म्हणजे वेड लागणे नव्हे. हाड मोडल्यावर हाडाच्या डॉक्टरांकडे जातो, तसेच हे आहे.

पुढच्या पालकसभेत सर्वजण गुणांची चौकशी करतील. आपण त्याआधी एक प्रश्न विचारावा, ‘माझे मूल मधल्या सुट्टीत कुणाबरोबर असते?’ ‘एकटेच असते’ असे उत्तर आले, तर त्याच संध्याकाळी मुलाशी बोलण्यास वेळ काढावा.