उबेचा उतार

ब्रिटनमधल्या घरांत हिवाळ्यात हीटिंग साधारण २० अंश सेल्सिअसवर लावलेलं असतं. अंगात स्वेटर असला की माणसाला ते पुरतं आणि कुत्र्यामांजरांना तर पुरून उरतं. पण त्याच खोलीत हर्मन किंवा हॉर्सफील्ड जातीचं कासव ठेवलं असेल, तर त्याच्यासाठी याहून गैरसोयीचं तापमान शोधून सापडणार नाही. ५ अंशांवर हे कासव गाढ निजतं. अंग ३० अंशांच्या आसपास गेलं की ते खातं, पचवतं, वाढतं. २० अंशांवर ते धड निजलेलं नसतं आणि धड जागंही नसतं. डोळे उघडे असतात, पाय ओढत ते दोन-चार घास खातं, खाल्लेलं पोटात रेंगाळतं, आणि अंगातला साठा मात्र रोज थोडाथोडा खर्ची पडत राहतो. आठवडेच्या आठवडे असं चाललं की कासव आजारी पडतं, आणि घरचे म्हणतात, आम्ही तर त्याला इतकं उबेत ठेवलं होतं. कासव घरात आणणारा पहिल्यांदा विचारतो, त्याला किती तापमान लागतं? या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर नाही. कासवाला लागतो तो उतार: एका टोकाला कडक ऊन, दुसऱ्या टोकाला गार सावली, आणि मधल्या वाटेवर हवं तिथे थांबण्याची मोकळीक. दिवे, पेटी, माती, थर्मोस्टॅट ही सगळी खटपट त्या उतारासाठी असते. हे ध्यानात आलं नाही तर महागातलं सामानही कासवाच्या उपयोगी पडत नाही.

शीतरक्ताचा प्राणी हा शब्दच थोडा फसवा आहे. ऊन मिळालं की कासवाचं रक्त आपल्या रक्ताच्या जवळपास गरम होतं. फरक इतकाच की ती ऊब त्याच्या शरीरात तयार होत नाही, बाहेरून गोळा करावी लागते. ग्रीसमधल्या किंवा दक्षिण फ्रान्समधल्या खुरट्या झुडपांत राहणारं हर्मनचं कासव सकाळी झुडपातून निघतं आणि उन्हाला बसतं. अंग तापलं की चरायला लागतं, दुपारी ऊन चढलं की पुन्हा झुडपाखाली शिरतं, आणि उतरत्या उन्हात परत बाहेर येतं. ही ये-जा हाच त्याचा थर्मोस्टॅट. तो त्याच्या पायांत आहे, आणि पायांना जाण्यासारखी जागा नसली की तो बंद पडतो. या निवडीचं मोल आजारपणात आणखी कळतं. अमेरिकेत १९७० च्या दशकात मायकेल क्लूगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाळवंटी इग्वाना सरड्यांवर प्रयोग केले. जंतुसंसर्ग झालेले सरडे आपणहून अधिक गरम जागा निवडतात, म्हणजे चालत जाऊन स्वतःला ताप आणतात, असं त्यांना दिसलं. ज्यांना कमी तापमानात कोंडून ठेवलं, त्यांच्यात मृत्यू जास्त झाले. सरडा आणि कासव एक नव्हे, हे खरं. तरीही आजारी प्राण्याला नेहमीपेक्षा वेगळं तापमान लागू शकतं आणि ते कोणतं हे त्याचं त्याला कळतं, एवढा बोध त्यातून घेता येतो. एकाच आकड्यावर स्थिर ठेवलेली पेटी ही वाट आधीच बंद करून टाकते.

हा उतार घरात उभा करायचा तर पहिली गरज लांबीची. इंग्लंडमध्ये ज्याला कासवाचं टेबल म्हणतात ती म्हणजे वरून उघडी, फळ्यांच्या भिंतींची मोठी पेटी. एका लहान कासवासाठी ४ फूट लांब आणि २ फूट रुंद, इथून सुरुवात करावी असं सांगतात. ही लांबी फिरायला तर लागतेच, पण तिचं खरं काम दोन टोकं एकमेकांपासून तोडण्याचं आहे. दोन फुटी पेटीत एका कोपऱ्यात दिवा लावला की दुसरा कोपराही तापतो, आणि कासवाच्या वाट्याला निवडच उरत नाही. दिव्याखाली, कासवाच्या पाठीच्या उंचीवर, ३२ ते ३५ अंश मिळावेत. लांबच्या टोकाला २० च्या आसपास. मोजमाप पाठीच्या उंचीवर घ्यायचं, कारण भिंतीला चिकटवलेला गोल तापमापक भिंतीजवळच्या हवेचं तापमान सांगतो, कवचाचं सांगत नाही. दिव्याखाली एक चपटा दगड ठेवला तर तो तापून खालूनही थोडा शेक देतो. दिवा अरुंद झोताचा नको. तो रुपयाएवढी जागा भाजतो आणि बाकीचं अंग गारच राहतं. गारठलेलं कासव मग तासन्‌तास तिथेच बसून राहतं, आणि पाठीच्या मधल्या शकलांतला ओलावा उडून जातो. पसरट झोताचा हॅलोजन दिवा, किंवा मोठ्या कासवासाठी शेजारी शेजारी दोन दिवे, सगळ्या पाठीवर सारखं ऊन पाडतात. लपायची जागा दोन्ही टोकांना हवी. नवखा माणूस नेमकी इथे चुकतो. ती एकाच, गार टोकाला असली की भित्र्या पिलाला ऊब आणि आडोसा यांतलं एकच घेता येतं, आणि ते आडोसा घेतं.

उन्हाची दुसरी बाजू यूव्हीबी या अतिनील किरणांची. ते नसले तर कॅल्शियम अंगी लागत नाही, कवच मऊ पडतं, पाय वाकतात. पण उष्णतेशी या किरणांचा जो संबंध आहे तो सहसा लक्षात घेतला जात नाही. २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे हे किरण त्वचेतल्या एका द्रव्यावर पडले की ड-३ जीवनसत्त्वाच्या आधीचं रूप तयार होतं. त्यातून खरं ड-३ होतं ते किरणांमुळे नव्हे, अंगाच्या उबेनं. आणि अंग थंड असेल तर ते काम फार संथ चालतं. म्हणून यूव्हीबीची नळी एका टोकाला आणि गरम दिवा दुसऱ्या टोकाला, अशी मांडणी अर्धी वाया जाते. सूर्य दोन्ही एकाच ठिकाणाहून देतो, तसंच टेबलावरही दोन्ही एकाच जागी पडावं. खिडकीजवळ ठेवलं की काम भागेल, हाही गैरसमज. काचेतून उजेड येतो, उष्णता येते. यूव्हीबी जवळजवळ सगळे काचेतच अडतात. नळीही कायमची नसते. ती दिसायला लखलखीत असली तरी तिच्यातले उपयोगी किरण हळूहळू कमी होत जातात, म्हणून बरेच जण ती वर्षाला बदलतात.

खालून तापणाऱ्या चटया आणि तापणारे कृत्रिम दगड दुकानांत सर्रास मिळतात. त्यांना माझा विरोध आहे, आणि त्याचं कारण कासवाच्या सवयीत आहे. निसर्गात ऊब वरून येते आणि खाली जावं तसा गारवा लागतो. फार तापलं की कासव माती उकरून खाली शिरतं. पेटीच्या तळाशी चटई असेल तर गारव्यासाठी खाली गेलेल्या कासवाला तिथे अधिक ताप भेटतो, आणि जे वागणं त्याला वाचवायला हवं तेच त्याला भाजून काढतं. खाली हवी ती साधी, खत न घातलेली बागेची माती, थोड्या वाळूसह, किमान अर्धी वीत खोल. वरचा थर कोरडा आणि खालचा ओलसर.

ओलसर म्हटलं की हरकत येते: ही तर कोरड्या देशांतली कासवं, ओलीत ठेवली तर सर्दी होईल, कवच कुजेल. थंड आणि ओलं एकत्र आलं तर हे घडतं, यात शंका नाही. पण लहान कासवाचा बहुतेक वेळ झुडपाच्या मुळाशी नाहीतर मातीत जातो, आणि भर उन्हाळ्यातही तिथे वरच्या हवेपेक्षा बराच दमटपणा असतो. व्हिएन्नातल्या वीस्नर आणि इबेन यांचा २००३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास इथे महत्त्वाचा आहे. आफ्रिकेतल्या सुल्काटा कासवाची पिलं त्यांनी वेगवेगळ्या आर्द्रतेत आणि वेगवेगळ्या प्रथिनांच्या आहारावर वाढवली. पाठीवर शंकूसारखे उंचवटे येण्याचा दोष तोवर बहुतेक जण जास्त प्रथिनांवर टाकत असत. या अभ्यासात उंचवटे ठरवणारी मुख्य गोष्ट निघाली ती कोरडी हवा. प्रथिनांचा वाटा किरकोळ होता. घरातला हीटर आणि डोक्यावरचा दिवा मिळून हवा किती कोरडी करतात, हे थंडीत ओठ फुटणाऱ्या माणसाला वेगळं सांगायला नको. ओल आणि कोरडं यांचाही उतारच लागतो: दिव्याखाली सुकी जागा, लपायच्या खोबणीत दमट माती.

उघडं टेबल चांगलं की बंद कपाटासारखी पेटी, यावर पाळणाऱ्यांत मोठे वाद आहेत. उघड्या टेबलाची बाजू घेणारे म्हणतात की बंद पेटीत हवा कोंडते आणि सगळीकडे एकसारखं तापतं. बंद पेटीवाले म्हणतात की उघड्या टेबलावरची ऊब आणि ओल छताकडे निघून जाते. दोघांचंही खरं आहे, कारण दोघे एकाच गोष्टीच्या दोन टोकांवर बोट ठेवत आहेत. पेटी पुरेशी लांब असेल आणि हवेला वाट असेल, तर बंद पेटीतही उतार टिकतो. उघड्या टेबलाचा अर्धा भाग झाकला तर ओलही टिकते. माझा कल पिलांसाठी अर्ध्या झाकलेल्या टेबलाकडे आहे. काचेची टाकी मात्र मी कोणालाच सुचवणार नाही. तिची भिंत कासवाला दिसत नाही आणि ते दिवसभर तिला धडका देत राहतं.

सगळ्यात वजनदार आक्षेप जुन्या पिढीचा आहे. आमच्या आजीच्या बागेत कासव पन्नास वर्षं जगलं, तेव्हा कुठे होते दिवे? हॅम्पशरमधल्या सेलबोर्न गावचे निसर्गनिरीक्षक गिल्बर्ट व्हाइट यांचं टिमथी हे याचं सर्वात प्रसिद्ध उदाहरण. १७८० मध्ये ते आत्याकडून वारशानं व्हाइट यांच्याकडे आलं. नाव पुरुषाचं असलं तरी ती मादी होती, हे पुढे कळलं. तिचं कवच आज लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे. पण व्हाइट यांनी नोंदवलं काय, ते पाहा. भर उन्हाळ्यात ती कोबीच्या मोठ्या पानाखाली नाहीतर शतावरीच्या वाफ्यात सावली शोधायची. शरद ऋतू आला की फळझाडांच्या भिंतीजवळ जायची आणि मंद किरण जास्तीत जास्त अंगावर यावेत म्हणून कवच भिंतीला तिरपं टेकवून बसायची. तापलेली भिंत, कोबीचं पान, थंडीत आत शिरायला मऊ माती. उतार म्हणतो तो हाच. ती दिव्याशिवाय जगली, पण उताराशिवाय जगली नाही. आणि जगलेल्यांच्या गोष्टीच आपल्यापर्यंत पोचतात. विसाव्या शतकात ब्रिटनमध्ये भूमध्य प्रदेशातली कासवं प्रचंड संख्येनं आणली गेली, आणि त्यांतली बरीच पहिला हिवाळासुद्धा पाहू शकली नाहीत. १९८४ मध्ये युरोपीय समुदायानं रानातून पकडलेल्या या कासवांचा व्यापार बंद केला. आजीचं कासव खरं असतं. त्याच्यासोबत आलेली बाकीची कुणाच्या आठवणीत नसतात.

मग हिवाळ्यात काय करायचं? काही जण दिवे चालू ठेवून शीतनिद्राच टाळतात. पहिल्या हिवाळ्यातल्या किंवा आजारी कासवाच्या बाबतीत ते समजण्यासारखं आहे. निरोगी, मोठ्या हर्मनच्या कासवाला निजू द्यावं असं मला वाटतं, कारण वर्षाचा उतारही त्याच्या शरीराला ठाऊक आहे. पण निजवायचं तर नीट निजवायचं. आधी काही आठवडे अन्न बंद करून पोट रिकामं होऊ द्यायचं, पाणी मात्र द्यायचं, आणि मग ५ अंशांच्या आसपास ठेवायचं. शून्याखाली गेलं तर डोळे निकामी होऊ शकतात. १० च्या वर गेलं तर कासव जागं होऊ लागतं आणि उपाशीपोटी साठा जाळतं. शेडमध्ये किंवा माळ्यावर हे तापमान टिकत नाही. म्हणून ब्रिटनमध्ये अनेक जण साध्या फ्रिजमध्ये, हवाबंद न केलेल्या डब्यात कासव निजवतात, हवेसाठी दार रोज क्षणभर उघडतात आणि वजन नियमित पाहतात. ऐकायला हे कठोर वाटतं. पण खोलीच्या कोपऱ्यात खोक्यात ठेवून १५ अंशांवर त्याला महिनोन्‌महिने पेंगत ठेवण्यापेक्षा ते कितीतरी दयाळू आहे.

हे सगळं ब्रिटनमधलं, जिथे पाळीव पिढीतली कासवं कायद्यानं घेता येतात. हर्मनच्या कासवासोबत प्रमाणपत्र लागतं. पुण्या-मुंबईत हा प्रश्न इथवर येतच नाही. आपल्याकडचं तारांकित कासव वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहे. २०२२ च्या दुरुस्तीनं ते पहिल्या अनुसूचीत आलं, आणि २०१९ पासून आंतरराष्ट्रीय व्यापारावरही सर्वात कडक बंधन आहे. लक्ष्मी येते म्हणून ते घरात आणणं हा गुन्हा आहे. शिवाय हे कासव शीतनिद्रा घेत नाही. फरशी घातलेल्या फ्लॅटमध्ये, एसीच्या वाऱ्यात, त्याला ना तापायला जागा, ना उकरायला माती.

खर्चाचं म्हणाल तर १०० वॅटचा दिवा रोज १२ तास चालला की महिन्याला ३६ युनिट होतात, नळीचं वेगळं. दिवा थर्मोस्टॅटवर असला आणि टेबल अर्धं झाकलं की यातले बरेच वाचतात. रात्री दिवा बंदच हवा. खोली १५ अंशांपर्यंत उतरली तरी निरोगी मोठ्या कासवाला चालतं, रानात तापमान त्याहूनही खाली जातं. आणि मांडणी जमली की नाही हे तापमापकाआधी कासवच सांगतं. ते दिवसभर दिव्याखालून हलत नसेल तर गरम टोक पुरेसं गरम नाही. सतत गार कोपऱ्यात तोंड खुपसून असेल तर ऊन जास्त झालंय, किंवा उन्हाजवळ आडोसा नाही. सकाळी ते दिव्याखाली येतं, मान आणि चारही पाय पसरून बसतं, तासाभरानं उठून पानं खायला जातं, मातीत शिरतं, दुपारी पुन्हा येऊन बसतं. असं रोज होऊ लागलं की दिव्याच्या उंचीला हात लावायचा नाही.