खंडफुल्लाची दुरुस्ती : विनयातील एक दुर्लक्षित कर्तव्य

गावोगावी विहार उभारताना जो उत्साह दिसतो, तो त्यांच्या देखभालीत क्वचितच आढळतो. मोलमजुरी करणाऱ्या उपासक-उपासिकांच्या वर्गणीतून इमारत उभी राहते, कोनशिला बसते; आणि काही पावसाळ्यांनंतर छताला ओल येते, गिलाव्याचे पोपडे सुटतात. वास्तू बांधणे हे पुण्यकर्म आणि ती राखणे हे किरकोळ काम, अशी समजूत यामागे असावी. विनयपिटकाला ही समजूत मान्य नाही, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

चुल्लवग्गातील सहाव्या खंधकास सेनासनक्खंधक म्हणतात. निवासस्थानांविषयीचे नियम त्यात आहेत. तेथे वैशालीच्या एका गरीब शिंप्याची हकिकत येते. इतरांप्रमाणे आपणही संघासाठी बांधकाम करावे, असे त्याच्या मनात आले. त्याने स्वतः चिखल मळला, विटा रचल्या, भिंत उभी केली. परंतु त्याला ते कसब अवगत नव्हते. भिंत वाकडी झाली आणि कोसळली. असे तीन वेळा घडले. जे चीवर, भिक्षान्न, औषधे देतात त्यांना भिक्खू मार्गदर्शन करतात, आपण दरिद्री म्हणून आपल्याला कोणी शिकवीत नाही, अशी तक्रार त्याने केली. ती भगवंतांच्या कानी गेली. त्यांनी शिंप्याला दोष दिला नाही. बांधकामावर देखरेखीसाठी संघाने रीतसर भिक्खू नेमावा, अशी अनुज्ञा दिली. या जबाबदारीस ‘नवकम्म’ म्हणतात. विहार लवकर पूर्ण व्हावा यासाठी झटणे आणि ‘खंडफुल्ल’, म्हणजे जे मोडले-फुटले असेल, ते दुरुस्त करणे, अशी दोन्ही कामे त्या भिक्खूकडे आली. बांधणे व राखणे यांत विनयाने भेद केला नाही, हे येथे ध्यानात घ्यावे.

या व्यवस्थेचा पुढे गैरवापरही झाला. आळवी येथील भिक्खू केवळ मातीचा गोळा लावण्यासाठी, भिंत सारवण्यासाठी किंवा पांढरा रंग देण्यासाठी वीस-तीस वर्षांचे, किंबहुना आजन्म नवकम्म देऊ लागले. भगवंतांनी ते निषिद्ध ठरविले आणि कामाचे स्वरूप पाहून मुदत ठरविली : लहान विहारास 5-6 वर्षे, मोठ्या विहारास अथवा प्रासादास 10-12 वर्षे. वरवरच्या रंगकामाला दुरुस्ती मानता येणार नाही, असा बोध आपण यातून घ्यावयास हवा.

वास्तूचा मुख्य शत्रू पाणी होय, हेही त्या नियमांवरून कळते. सखल जागेत पाणी शिरते म्हणून जोते उंच करण्याची, ते ढासळते म्हणून वीट, दगड वा लाकूड यांनी बांधून काढण्याची मुभा दिलेली आहे.

आजच्या सिमेंटच्या इमारतीलाही हाच न्याय लागू पडतो. सिमेंटच्या आवरणात लोखंडी सळई सुरक्षित असते. भेगेतून पाणी व हवा आत पोचली की ती गंजते; गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो आणि त्याच्या दाबाने काँक्रीटचे तुकडे निखळतात. अशा जागी नुसता गिलावा फासणे म्हणजे आळवीच्या भिक्खूंचेच अनुकरण होय. आधी गळती थांबवावी, सैल भाग काढावा, सळईचा गंज घासून तिला गंजरोधक लेप द्यावा आणि मगच पोकळी भरावी. खांबाला अथवा तुळईला भेग असेल, तर अभियंत्याचा सल्ला घेतल्यावाचून हात लावू नये.

भिंतीच्या फटीत पिंपळाचे रोप उगवले की ते उपटण्यास अनेकांचे मन धजत नाही. बोधिवृक्षाविषयीचा हा आदर आम्ही समजू शकतो. परंतु मूळ जाड होत गेले की भिंत दुभंगते. रोप लहान असतानाच मुळासकट अलगद काढून मोकळ्या जमिनीत लावावे. वरून छाटल्याने ते पुन्हा फुटते.

वैशाख पौर्णिमेचा उत्सव आटोपल्यावर मृग लागेपर्यंत थोडे दिवस हाती असतात. त्या अवधीत गच्चीवरील पालापाचोळा काढावा, पाणी वाहून नेणारे नळ मोकळे करावेत, भेगा तपासाव्यात. विहार समितीने यासाठी एका जाणकारास ठराविक मुदतीसाठी नेमावे आणि वर्गणीचा काही भाग दरवर्षी दुरुस्तीसाठी राखून ठेवावा. ज्या वस्तीत पैसा आहे पण माहिती नाही, किंवा दोन्ही नाहीत, तेथे आपल्यातील गवंडी, सुतार व अभियंते यांनी स्वतः होऊन जावे. वैशालीच्या त्या शिंप्याची तक्रार आपल्या एखाद्या वस्तीतून पुन्हा ऐकू येऊ नये, एवढी दक्षता आपण घेतलीच पाहिजे.